पोसलेला मासा आणि रांधलेला मासा

काचेच्या टाकीत वाढवलेला मासा टाकीत मावेनासा झाला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात दोन पिढ्यांपलीकडचा नाही. त्याच्या पोटातला प्रश्न मात्र फार जुना आहे: ज्याला आपल्या हाताने चारले, तो मासा खावा का? उल्हास नदीच्या खोऱ्यात आणि भोवतालच्या उत्तर कोकणात याची उत्तरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळी मिळाली. ती माशाच्या जातीवर किंवा त्याच्याशी जडलेल्या लळ्यावर क्वचितच ठरली. पाणी कोणाचे आणि दिवस कोणता, यावर ती ठरत.

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात राजमाचीच्या डोंगरांतून निघते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणजवळ खाडीला मिळते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. घाटातून उतरणाऱ्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात. उल्हास बारमाही वाहते, याचे मोठे कारण भिवपुरीचे टाटांचे वीजकेंद्र. आंध्रा तलावाचे घाटमाथ्यावरचे पाणी तिथे वीज करून खाली नदीत सुटते. अंबरनाथ आणि उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी त्या मानाने किरकोळ नदी. तीही कल्याणकडे जाऊन खाडीलाच मिळते.

या पाण्यातले मासे म्हणजे मरळ, शिंगटी, वाम आणि बारीकसारीक खवल्यांचे मासे. त्यांना खरा भाव पावसाळ्याच्या तोंडाशी येई. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनी ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि भातखाचरांपर्यंत येतात. हीच वलगण. आगरी, कोळी, कुणबी, ठाकूर, कातकरी अशा सगळ्या वस्त्यांतली माणसे रात्री पाग आणि झोळ्या घेऊन बाहेर पडत. गुडघाभर पाण्यात काहीजण नुसत्या हातांनीच मासे धरत. गाबोळीने भरलेली शिंगटी ही वर्षातली मोठी चैन होती. समुद्रावरच्या कोळ्यांनी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची शिस्त पाळली, तशी शिस्त गोड्या पाण्यात दिसत नाही. ऐन विणीच्या वेळी धरलेला मासा म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिकाचे बियाणेच. पण वलगणीला कोणी पाप म्हटले नाही. नदीतला मासा कोणी पोसलेला नव्हता, तेव्हा त्याच्याबद्दल कोणाला उत्तरही द्यायचे नव्हते.

माणसाने चारलेल्या माशाचा इथल्या भूभागाशी जवळचा असा सर्वांत सविस्तर जुना उल्लेख राजदरबारातला आहे. काळाचा अंदाज यावा म्हणून: अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा माम्वाणी राज्य करीत होता. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. (ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. उल्हासनगरच्या शेजारच्या कल्याणशी तिची गल्लत नेहमी होते.) राजाने राज्य कसे करावे इथपासून वेळ कसा घालवावा इथपर्यंत सगळे सांगणाऱ्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले खाद्य टाकावे, गळ आणि दोरी कशी असावी, मासा ओढताना हात कसा चालवावा, हे सगळे तिथे क्रमाने येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या निरीक्षणांचे आधुनिक अभ्यासकांना नवल वाटले.

या लेखापुरते महत्त्वाचे ते असे. राजा मासे चारतो, त्यांना ठरावीक जागी यायची सवय लावतो, मग गळ टाकतो. त्याच ग्रंथाच्या अन्नभोगाच्या भागात मासे कसे रांधावेत हेही दिलेले आहे. चारणे, खेळवणे आणि खाणे यांच्यामध्ये कोणतीही भिंत उभारलेली नाही. पोसणे म्हणजे न खाण्याचे वचन, ही कल्पना या दरबाराला ठाऊक नव्हती, किंवा असली तरी तिची अडचण वाटत नव्हती. गावगाड्याची रीतही याहून निराळी नव्हती. अंगणात दाणे टाकून वाढवलेला कोंबडा पाहुण्यांसाठी कापला जाई, दारात बांधलेला बोकड जत्रेला जाई. घरच्या पोरांचे डोळे भरून आले तरी बेत बदलत नसे.

याच्या अगदी उलट टोकाला देवाचे मासे. वाडा तालुक्यात वैतरणेच्या पात्रात तिळसे येथे महादेवाच्या देवळाजवळ मोठमोठे महसीर मासे राखलेले आहेत. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते, भाविक माशांना खाऊ घालतात, गळ टाकायची कोणाची छाती होत नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडातही तसेच. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. कोंडातला मासा धरला तर देवीचा कोप होतो, ही समजूत पक्की आहे. वर्षानुवर्षे चारलेले हे मासे माणसाची सावली पडताच काठाशी गोळा होतात. महसीर हा दख्खनच्या नद्यांमधला नावाजलेला, चवीने खाल्ला जाणारा मासा, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. देवत्व माशाला नाही, पाण्याला आहे. कोंडाच्या हद्दीत तो देवीचा, हद्दीबाहेर पागेत आला की कालवणाचा. या रेषेने जे राखले ते पुढे कामालाही आले. धरणे, सुरुंग आणि विषप्रयोगाने नद्यांतला महसीर घटत गेला तेव्हा अशा राखीव डोहांतली माशांची वस्ती टिकून राहिली.

उल्हासनगरला ही रेषा आणखी एका रूपात आली, तीही सिंधहून. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वाट्याला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नगर झाले तरी पत्ते अजून कॅम्प नंबर एक ते पाच याच हिशेबाने सांगितले जातात. या लोकांनी बरोबर आणलेले दैवत झुलेलाल. चित्रात आणि मूर्तीत झुलेलाल सिंधू नदीच्या पाण्यावर माशावर बसलेले असतात, आणि तो मासा म्हणजे पल्लो. बंगाली माणूस त्याला इलिश म्हणतो. पल्लो समुद्रातून नदीत चढतो. सख्खरजवळ बेटावर जिंदा पीराचे स्थान आहे. पल्लो तिथपर्यंत पोहत जातो, पीराला वंदन करतो आणि त्याच्याकडे पाठ न फिरवता परततो, अशी आख्यायिका सिंधमध्ये हिंदू आणि मुसलमान दोघेही सांगत. १९५५ मध्ये कोत्रीचा बंधारा झाल्यावर सिंधूतला हा प्रवास बराचसा खुंटला.

ज्या माशावर देव बसतो तोच सिंधी घरातला सर्वांत मानाचा पदार्थ. कांद्याच्या मसाल्यात मंद शिजवलेला, काटे सांभाळत बोटांनी खायचा पल्लो नसेल तर मेजवानी अपुरी, असे जुनी मंडळी मानत. मग देवाचे वाहन खाताना संकोच होत नाही का? संकोचाची जागा इथे पंचांगाने घेतलेली आहे. जुलै–ऑगस्टमध्ये चाळीस दिवसांचा चालिहो येतो. व्रत धरणारे त्या काळात मांस-मासळी वर्ज्य करतात. शेवटी बहराणो, म्हणजे पूजेचे ताट, वाजतगाजत पाण्यावर नेतात आणि अखो म्हणून तांदूळ-साखर पाण्यात सोडतात, ती माशांच्याच तोंडी जाते. चाळीस दिवस चारायचे, एरवी खायचे. शेजारचा मराठी माणूस श्रावणात हेच करतो. फरक इतकाच की तो माशांना काही घालत नाही, नुसते ताटातून वगळतो. वाळण कोंडाने रेषा जागेवर ओढली, चालिहो आणि श्रावणाने ती काळावर ओढली. विशिष्ट एका माशाला ‘हा आपला’ म्हणून कायमचे वगळावे, असे यांपैकी कोणत्याच रीतीत नव्हते.

ते आणले काचेच्या टाकीने. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडले आणि फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने तिथल्या मध्यमवर्गाला घरी टाकी ठेवण्याचे वेड लावले. मुंबईत लोकांना हा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला तो १९५१ मध्ये, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. मासा बघायला तिकीट काढायचे, ही गोष्टच मासे खाणाऱ्या शहराला नवी होती. घरोघर टाक्या आल्या त्या बऱ्याच नंतर, फ्लॅटसंस्कृतीबरोबर. कुत्र्याला सोसायटीचा विरोध, मांजरीने शेजारी वैतागतात; मासा आवाज करत नाही आणि जिना चढत नाही. पुढे वास्तुशास्त्राने सोनेरी माशांबरोबर एक काळा मासा ठेवायला सांगितले आणि मासे न खाणाऱ्या घरांतही टाकी शिरली. कल्याण–कर्जत मार्गावरच्या हौशी माणसाला क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याची दुकाने लोकलच्या अंतरावर. प्लॅस्टिकच्या पिशवीत तळाशी पाणी, वर ऑक्सिजन भरून रबराने आवळलेले तोंड, भोवती वर्तमानपत्र, आणि गर्दीत ती पिशवी छातीशी धरून केलेला प्रवास. घरी आल्यावर पिशवी न सोडता टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे होते.

गोम पुढेच आहे. घरगुती टाकी सर्वसाधारणपणे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; म्हणजे काठोकाठ भरली तरी सुमारे ५६ लिटर पाणी. दुकानात बोटाएवढा दिसणारा मासा मोठेपणी केवढा होईल हे विचारायची पद्धत नाही आणि सांगायची तर त्याहून नाही. मासा टाकीच्या मापाने वाढतो, ही समजूत सर्वत्र रूढ आहे आणि ती चूक आहे. अरुंद टाकीत मासा खुरटतो तो साठणाऱ्या अमोनिया-नायट्रेटमुळे आणि हालचालीला जागा नसल्यामुळे. ते त्याचे जुळवून घेणे नसून आजारपण असते.

या खुरटणाऱ्या किंवा फोफावणाऱ्या माशांची कुळकथा पाहिली की खाण्याचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. टाकीत ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा शार्क नव्हेच. तो मेकाँग नदीतला पंगास. पूर्ण वाढ झाली तर तो चार फुटांच्या पुढे जातो. खाण्यासाठी त्याची पैदास करायला १९९५–९६ च्या सुमारास तो थायलंडहून बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला आणि आज हॉटेलांत ‘बासा’ म्हणून बिनकाट्याच्या तुकड्यांत मिळतो. ज्या घरात दिवाणखान्यात शार्क फिरतो त्याच घरात रविवारी बासा तळला जातो, आणि दोन्ही एकच आहेत हे घरातल्या कोणाच्या गावीही नसते. दुसरा मासा रूपचंद. मूळ दक्षिण अमेरिकेतला, पिरान्हाचा भाऊबंद, पण फळे-बिया फोडून खाणारा. दात माणसाच्या दाढांसारखे. भारतात तो २००३–०४ च्या सुमारास बांगलादेशातून चोरवाटेने आला, तळ्यांत झपाट्याने वाढला आणि गोड्या पाण्यातला पापलेट म्हणून बाजारात बसला. त्याची लालपोटी पिल्ले शोभिवंत माशांच्या दुकानात चढ्या नावाने विकली जातात. जायंट गुरामीचेही तसेच. जावामध्ये तो शतकानुशतके पाळून खाल्ला जातो, इथे तो चार फुटी टाकीत एकटा ठेवतात.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. चीनमधल्या खाद्य कार्पमधून तांबूस पिल्ले निवडून, बौद्धांच्या दयातलावांत सोडून, वाढवून सोनेरी मासा घडला. जपानच्या निगाता भागातल्या डोंगरी शेतकऱ्यांनी हिवाळ्याच्या बेगमीसाठी भातखाचरांजवळ कार्प ठेवले. त्यांत निघालेल्या रंगीत माशांपासून कोई झाले, आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर ते देशभर पोचले. म्हणजे टाकीतला मासा आणि ताटातला मासा या दोन जाती कधीच नव्हत्या. त्यांना वेगळे केले ते दुकानाच्या पाटीने.

तरीही मोठा झालेला पाळीव मासा खाणाऱ्यांची संख्या कमीच. मरळीचे तुकडे करणारा हातही टाकीतल्या ऑस्कर माशावर विळी चालवताना थबकतो. तो मासा माणूस ओळखतो, जेवणाच्या वेळी काचेशी येतो. मग बहुतेकजण जुन्या संस्काराला स्मरून त्याला पाण्यात सोडतात: तलावात, विहिरीत, उल्हासच्या पात्रात. विहिरीत कासव किंवा मासा सोडणे हे पुण्यकर्म होतेच. हिवतापाच्या मोहिमेने त्याला सरकारी मान्यताही दिली. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा भारतात १९०८ मध्ये, गंबुसिया १९२८ मध्ये आणला गेला, आणि नगरपालिका ते आजही डबक्यांत सोडतात. सोडण्यात दया आहे असे वाटणे म्हणून स्वाभाविकच. पण या खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या रीतींपैकी हीच आज सर्वांत घातक ठरली आहे.

परका मासा पाण्यात पडला की काय होते याचा इथला पहिला मोठा धडा तिलापियाने दिला. १९५२ मध्ये तो खाण्यासाठी आणला, १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंधन घालायची वेळ आली, आणि तोवर उशीर झालेला होता. ‘चिलापी’ नावाने तो आज महाराष्ट्रातल्या धरणांत गावठी माशांच्या डोक्यावर बसला आहे. आफ्रिकन मांगूर १९९७ मध्ये बंदीच्या यादीत गेला. तरी कत्तलखान्यातल्या टाकाऊ मांसावर त्याची चोरटी शेती चालूच राहिली, आणि २०१९ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्याच्या मत्स्यविभागाला तळी उपसून टनावारी मासे नष्ट करावे लागले. टाकीतून सुटलेल्यांमध्ये सर्वांत चिवट सकर मासा. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दुकानदार त्याला ‘टँक क्लीनर’ म्हणून देतात. तो फूट-दीड फूट वाढतो, अंगावर हाडांचे चिलखत असते, काठात बिळे करून अंडी घालतो आणि घाणेरड्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींपासून केरळ-तमिळनाडूपर्यंत त्याने जाळी फाडली आहेत. केरळात २०१८ च्या महापुरानंतर नद्यांमध्ये चक्क अरापैमा आणि अॅलिगेटर गार हे परदेशी मासे सापडले. पाळणाऱ्यांच्या तळ्यांतून ते वाहून आले होते. ॲमेझॉनच्या काठी सकर मासा भाजून खातात. मेक्सिकोत इन्फिएर्निलो जलाशयात त्याने तिलापियाची मासेमारी बसवली, तेव्हा तो खाऊनच संपवता येईल का, असा विचार झाला.

सोडण्यापेक्षा खाल्लेला बरा, असा निष्कर्ष इथून सरळ निघतो, आणि तत्त्व म्हणून त्याला उत्तर देणे अवघड आहे. अडचण तत्त्वाची नाही, औषधांची आहे. टाकीतल्या माशाला पांढरे ठिपके आले की मॅलाकाइट ग्रीन, बुरशी आली की मेथिलीन ब्लू, शिवाय फॉर्मेलिन आणि डब्यावर नाव नसलेली प्रतिजैविके पाण्यात टाकली जातात. मॅलाकाइट ग्रीनचे रूपांतरित द्रव्य माशाच्या चरबीत दीर्घकाळ राहते. युरोपीय संघात आणि अमेरिकेत खाद्य माशांसाठी ते वापरायला मनाई आहे. शोभेच्या माशांच्या औषधाला ही बंधने नाहीत, कारण तो कोणी खाणार नाही असे गृहीत धरलेले आहे. ज्याने पिल्लू असल्यापासून स्वतः वाढवले आणि टाकीत काहीच टाकले नाही, त्याचीच गोष्ट वेगळी.

या हिशेबात उल्हासनगर-अंबरनाथची एक कडवट बाजू आहे. नदीतला मासा निर्मळ आणि टाकीतला औषधी, असे इथे म्हणता येत नाही. रासायनिक कारखाने आणि जीन्स धुण्याचे धंदे यांच्या सांडपाण्याने वालधुनीचे पाणी अनेक वर्षे रंग बदलत वाहिले. २०१४ मध्ये तिच्यात बेकायदा ओतलेल्या रसायनाच्या वाफेने उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर हरित लवादाने २०१५ मध्ये या भागातल्या पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर भरपाई बसवली. उल्हासच्या खाडीमुखाच्या गाळात पारा असल्याचे समुद्रविज्ञानाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. गाळणी लावलेल्या नळाच्या पाण्यात वाढलेला दिवाणखान्यातला मासा, खाडीत वाढलेल्या माशापेक्षा कदाचित स्वच्छ पाण्यात जगलेला असतो.

कायद्याने या रेषेला हात घातला तो उशिरा आणि अडखळत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो. अन्नासाठी, विनाकारण यातना न देता मारण्याला त्यात सूट आहे, पण प्राण्याला हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे गुन्हा आहे. शब्दशः घेतले तर पाळलेला पंगास नीट मारून खाणारा कायद्यात बसतो. त्याला वालधुनीत सोडणारा बसत नाही. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालये आणि त्यांच्या दुकानांसाठी कडक नियम काढले, गोल बरण्यांनाही मनाई केली. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर त्याच वर्षी ते मागे घेतले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची आयात, बाळगणे आणि प्रसार यांवर बंधन घालायचा अधिकार केंद्राला दिला. त्याच दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची आली आणि तिच्यात आशियाई अरोवाना हा टाकीतला मासा बसतो. २०२४ च्या नियमांनुसार तो घरी असेल तर ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदवावा लागतो, दुसऱ्याला दिला तर कळवावे लागते, आणि मेला तर तेही.